वडील काय करायचे?

माणसाचा कणा म्हणजे त्याच्या पूर्वजांचा इतिहास होय, असं आमचे डॉक्टर मानत. नुसतं मानत नसत. सांगलीतल्या घराच्या मोठ्या खोलीत त्यांनी ते भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. रंगाऱ्याने सुरुवातीची अक्षरं ऐसपैस काढली आणि शेवटी त्याला जागा पुरली नाही. त्यामुळे 'होय' हा शब्द दाराच्या मागे गेला. दार लावलेलं असलं की सिद्धान्त पूर्ण असे. दार दिवसभर उघडंच असायचं.

सत्तर सालानंतरची काही वर्षं मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. माडीचा जिना त्याच मोठ्या खोलीत उतरत असे, त्यामुळे रोज सकाळी दोन जिल्ह्यांतल्या दुखऱ्या कमरांमधून वाट काढत मला बाहेर पडावं लागे.

डॉक्टर तेव्हा साठी ओलांडलेले होते. शिडशिडीत, ताठ, आखूड पायजमा आणि भर वैशाखातही बंद गळ्याचा कोट. आयुष्यभर सातारा जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत त्यांनी नोकरी केली होती. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांनी हातात सुरी धरायचं सोडलं, आणि निवृत्त होऊन सांगलीला आल्यावर पाठीचं ऑपरेशन हा शब्द घरात काढायचा नाही असा नियम केला. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणत असू, त्यावर साधा तोडगा काढून मोकळ्या झाल्या होत्या. मोठा दवाखाना मिरजेला होता, म्हणून त्या ऑपरेशनला 'मिरजेचं काम' म्हणायच्या.

दुखणं कुठे आहे, कधीपासून आहे, हे डॉक्टर मागाहून विचारत. पहिला प्रश्न ठरलेला होता: "वडील काय करायचे?" आणि त्याचं उत्तर मिळालं की, "त्यांचे वडील?"

त्यांचं म्हणणं असं, की पिढ्यानपिढ्या एकच काम करून शरीर ते शिकून बसतं. मग एखादा मुलगा शिकतो, खुर्चीवर बसतो आणि ते काम थांबतं. पण कमरेला हे कुणी कळवत नाही. ती वाट बघत राहते. "दुखणं म्हणजे तिची हाक आहे," डॉक्टर म्हणत. "हाक मारणाऱ्याला कापायचं नसतं. त्याला ओ द्यायची असते."

ओ देण्याची सगळी सामग्री त्या खोलीत होती. जातं होतं, उखळ होतं, धोब्याचा दगड होता, हातमागाचा सांगाडा होता. विहिरीवर मोट चालवतात तिचा जाडजूड दोर खुंटीला टांगलेला होता. खुर्ची एकही नव्हती. वकील, प्राध्यापक, हळदीचे व्यापारी, असे सगळे प्रतिष्ठित लोक धोतराचा काचा मारून तिथे आपापल्या आजोबांचं काम करत असायचे. एक नामांकित वकील आचाऱ्यांच्या घराण्यातले निघाले. ते रोज सकाळी अर्धा तास रिकाम्या कढईत झारा फिरवायचे आणि मग कोर्टात जायचे.

माझी कंबर दुखत नव्हती, तरी पहिल्याच आठवड्यात मलाही प्रश्न आला.

"तलाठी होते," मी म्हटलं.

"त्यांचे वडील?"

"तेही तलाठी."

डॉक्टरांनी माझ्याकडे खेदाने पाहिलं. "घराण्यात कुणी कधी उठलंच नाही का?"

बायकांना मात्र ते हा प्रश्न विचारत नसत. त्यांच्या मते सगळ्या बायकांचा वंशपरंपरागत धंदा एकच होता, त्यामुळे ते नुसतं जात्याकडे बोट दाखवत. एकदा मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनाही जातं मिळालं. त्या म्हणाल्या, "अहो, घरी मी रोज दळते. त्यानंच तर दुखायला लागलंय." डॉक्टरांनी जरा विचार केला आणि सांगितलं, "इथे दुसऱ्या हाताने दळा." त्याने त्यांना बराच आराम पडला आणि याचा त्यांना शेवटपर्यंत राग होता.

लोक बरे व्हायचे, हे मी नाकारत नाही. सगळे नाही, पण बरेच. मला त्यात पूर्वजांचा हात दिसत नसे. दहा वर्षं गादीवर बसलेल्या माणसाला उखळापुढे उभं केलं तर काहीतरी होणारच. हे मी एकदा बोलून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही इंग्रजी शिकवता ना? तेच शिकवा."

साताऱ्याचे एक गृहस्थ होते. पल्लेदार मिशा, बोटात दोन अंगठ्या. कमरेच्या उपचारासाठी माधवनगरला मुलीकडे मुक्काम ठोकून ते रोज टांग्याने यायचे. पहिल्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "आमचे पूर्वज घोडदळात होते." डॉक्टरांनी लगेच सुताराला बोलावून लाकडी घोडा करून घेतला आणि त्यावर घोंगडी टाकली. गृहस्थ रोज तासभर त्यावर बसू लागले. बसल्यावर ते दिसायचे छान. कंबर मात्र होती तशीच दुखत राहिली.

डॉक्टर अस्वस्थ झाले. घोडा उंचीला कमी पडला असेल म्हणून त्यांनी पायांखाली विटा लावल्या. तेवढ्यात एक दिवस गृहस्थांची आई साताऱ्याहून आली. म्हातारी ऐंशीच्या पुढची, दिसायला एवढीशी. मुलगा बरा होतोय का ते बघायला म्हणून खोलीत आली आणि दारातच थांबली.

"आवं डाक्तर, ह्यो लाकडावर का बसलाय?"

"आजी, हे तुमच्या घराण्याचं काम आहे. घोडदळ."

"कुनाचं घोडदळ?" म्हातारी म्हणाली. "ह्येचा आज्जा घोड्यापशी हुता, व्हय. पर वर न्हवं. खाली. खरारा करायचा, लीद काढायचा."

"आये, गप की," गृहस्थ घोड्यावरून म्हणाले.

"का गप? दुकतंय न्हवं तुजं? मग डाक्तरला खरं सांगाय नगं?"

डॉक्टर हसले नाहीत. आत जाऊन काथ्याचा ब्रश घेऊन आले आणि तो त्यांनी गृहस्थांच्या हातात दिला. घोडा तोच राहिला, बाजू तेवढी बदलली. पुढच्या काही दिवसांत गृहस्थ स्वतःच्या हातांनी बुटाची नाडी बांधू लागले. सिद्धान्ताचा हा सर्वांत मोठा विजय, असं डॉक्टर सगळ्यांना सांगायचे. माझ्या मते खरारा करताना माणूस हलतो आणि लाकडी घोड्यावर बसल्यावर हलत नाही, एवढंच होतं. पण त्यानंतर ज्यांचे पूर्वज फार मोठे असत, त्यांना डॉक्टर पुढच्या वेळी आईला घेऊन यायला सांगत.

डॉक्टरांचे स्वतःचे वडील काय करायचे, हे मला काकूंकडून कळलं. एका दुपारी त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या आणि मी उगाच तिथे रेंगाळलो होतो. मी विचारलं नव्हतं. त्याच बोलल्या.

"सासरे वाईला घाटावर भिक्षुकी करायचे. रोज पहाटे आंघोळ, नमस्कार, मग लोकांची पूजा. म्हातारपणी कंबर धरली. ह्यांनीच पुण्याला नेलं, ह्यांच्या ओळखीच्या सर्जनकडे. ह्यांनीच समजूत घातली, की बाबा, काही भिऊ नका. दुखणं गेलं खरं. पण कंबर झाली फळीसारखी. वाकताच येईना. चार वर्षं काढली तशी. रोज सकाळी हाक मारायचे, अरे, मला नमस्कार घालायचाय, कुणीतरी वाकवा रे मला." काकूंनी एक खडा काढून अंगणात टाकला. "आता फळी कशी वाकवायची?"

डॉक्टर स्वतः याबद्दल कधी बोलले नाहीत. ते फक्त दुसऱ्यांच्या वडिलांची चौकशी करत.

कंडक्टर आला तो गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात. सांगली-सातारा गाडीवर त्याची ड्यूटी होती. वय पस्तिशीचं, खाकी कपड्यांना कडक इस्त्री, आणि त्या इस्त्रीच्या आत माणूस मात्र उजवीकडे कललेला. मणक्यातली चकती सरकली होती आणि कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत कळ जात होती. मिरजेला ऑपरेशनची तारीख मिळाली होती.

"तिथले डॉक्टर काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी ठरलेला प्रश्न आधी विचारला नाही, असं हे माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर वेदनाच तेवढी होती.

"उठून चालाल म्हणतात. पण चालत्या गाडीत दिवसभर उभं राहाल, असं कुणी म्हणंना. आणि माझी नोकरी तर तीच हाय, डॉक्टर. उभं राहणं. ते जमलं न्हाई तर डेपोत गाड्या धुवायला लावतील." तो थोडा थांबला. "आमच्या वस्तीतनं सरकारी नोकरीला लागलेला मी पयला. गावचा पाटील माझ्या गाडीत बसतो. मी त्याला म्हणतो, सुटे द्या. आणि तो देतो."

हे ऐकून जात्यावरच्या मुख्याध्यापिकाही थांबल्या. डॉक्टरांनी मान हलवली. मग ते नेहमीच्या जागी बसले आणि म्हणाले, "बरं. वडील काय करायचे?"

"गावकी."

वकिलांचा झारा कढईत थांबला. डॉक्टर मात्र पुढे झुकले. "गावकी म्हणजे नेमकं काय काय?"

आपली थट्टा चाललीय की काय, म्हणून कंडक्टरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. डॉक्टरांच्या तोंडावर निव्वळ जिज्ञासा होती. मला वाटतं, थट्टा परवडली असती.

"मेलेलं ढोर ओढून गावाबाहेर न्यायचं. चावडीत बोलावलं की हात जोडून उभं राहायचं. सांगावा घेऊन या गावाहून त्या गावाला पळायचं. पाटलाचं सरपण फोडायचं. छप्पन्न साली आमी बौद्ध झालो, तवा सोडलं सगळं. मी तवा मॅट्रिकला हुतो."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "ओढणं, फोडणं, पळणं. सगळं कमरेचं काम आहे."

ते उठले. खुंटीवरचा मोटेचा दोर काढला, कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याला त्याचं एक टोक बांधलं आणि दुसरं टोक कंडक्टरपुढे धरलं.

"ओढा."

यात त्यांचा काडीचाही दुष्टावा नव्हता, असं मी आजही शपथेवर सांगेन. वकिलाच्या हाती झारा दिला त्याच चेहऱ्याने त्यांनी हा दोर पुढे केला होता. अडचण नेमकी तीच होती.

कंडक्टरने हात पुढे केला नाही. भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असलेला माणूस एकदम हळू बोलला.

"दोर खाली ठेवा, डॉक्टर."

डॉक्टरांना समजलं नाही. "हे औषध आहे," ते म्हणाले.

"असंल. माझा बाप जल्मभर वाकून ओढत गेला. त्याची कंबर दुखत हुती का न्हवती, आमाला म्हाईत न्हाई. दुखली तरी सांगायची कुणाला? मी ताठ उभं राहायची नोकरी धरली. ती जाऊ नये म्हणून तुमच्याकडं आलोय. आन् तुमी मला परत त्याच दोराला जुपताय व्हय?"

साताऱ्याचे गृहस्थ ब्रश हातात धरून घोड्याकडे बघत राहिले.

"माझ्या बापानं कवाच केलं न्हाई, असलं काय असंल तर सांगा," कंडक्टर म्हणाला. "सांगाल तेवढं करीन. नसंल तर मिरजेची तारीख हायच."

डॉक्टर दोर घेऊन उभे होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. जातं, उखळ, दगड, हातमाग. तिथली एकेक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या बापाची होती. शेवटी ते म्हणाले, "परवा या."

त्या संध्याकाळी काकूंनी मला जेवायला थांबवून घेतलं होतं. आमटी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मी म्हणते, ते त्याच्या वडिलांचं काम कसं हो झालं? ते तर गावाचं काम. गावानं त्यांच्या पाठीवर टाकलेलं." डॉक्टर पान अर्धं टाकून उठले आणि मोठ्या खोलीत जाऊन लाकडी घोड्यावर बसले. बराच वेळ बसून होते. त्यात काही अर्थ शोधण्याचं कारण नाही. त्या खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं.

कंडक्टर पुन्हा येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "तुमच्या वडिलांचं काम मी चुकीनं पुढं केलं. मी तुम्हाला माझ्या वडिलांचं देतो. नमस्कार. सूर्यनमस्कार."

ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती, हे खोलीत मला आणि स्वयंपाकघरात काकूंना ठाऊक होतं. कंडक्टरला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो पहिल्यांदाच हसला.

"नको नको, डॉक्टर. ते तर नकोच. तिथनंच तर आमी निघालोय."

आत काकूंच्या हातातलं भांडं वाजलं. त्या हसत होत्या असा माझा अंदाज आहे. डॉक्टरही हसतील असं क्षणभर वाटलं, पण ते खाली बघत राहिले. मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला, की जो त्या खोलीत तोवर कुणाला विचारलेला नव्हता.

"तुम्ही काय करता?"

"म्हंजे? कंडक्टर हाय की."

"ते कळलं. गाडीत कसे उभे राहता, कसे वळता, तिकीट कसं फाडता. दाखवा."

डॉक्टरांनी सगळ्या रोग्यांना दोन रांगांत जमिनीवर बसवलं, मधे वाट ठेवली. कंडक्टरला आधी लाज वाटली. मग त्याने खांद्यावर नसलेली बॅग सावरली, नसलेल्या बाकाला मांडी टेकवली आणि आवाज चढवला, "बोला, तिकीट बोला!"

"एक सातारा," साताऱ्याचे गृहस्थ म्हणाले. नोट म्हणून त्यांनी रुमाल पुढे केला.

"सुटे द्या."

"सुटे न्हाईत."

"मग उतरा खाली."

गृहस्थांनी खरोखरच एकदा दाराकडे बघितलं. सगळे हसले. कंडक्टर लोकांकडे तोंड करून, तिकिटं फाडत, एकेक पाऊल मागे सरकत खोलीच्या टोकाला गेला. डॉक्टर एकटेच हसत नव्हते. ते त्याच्या पाठीकडे बघत होते.

"थांबा. आत्ता दुखतंय?"

कंडक्टर थांबला. "कमी हाय," तो म्हणाला. त्यालाच नवल वाटलं.

"आता पुढे या."

तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने ओठ चावला.

"मागे."

"कमी हाय."

डॉक्टरांनी त्याला तीनचार वेळा पुढे-मागे केलं, पाय उचलून बघितले, पायाचा अंगठा वर करायला सांगितला. मग ते सरळ उभे राहिले. "उलटं चाला. रोज सकाळी, नदीकाठी. हा धंदा कुठल्याच जातीचा नाही."

"आन् पडलो म्हंजे? गाडीत धरायला दांडी असती. मागचं बघणार कोण?"

"मी," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर सकाळी पुलाच्या बाजूला कृष्णेच्या वाळूत ती जोडी दिसू लागली. कुतूहल म्हणून मीही काही वेळा गेलो. कंडक्टर उलटा चालत असे आणि डॉक्टर त्याच्यासमोर, त्याच्याकडे तोंड करून, सरळ. हात थोडे पुढे धरलेले, रांगतं मूल चालायला लागलं की आया धरतात तसे. "दगड. उजवीकडे. आता ओल आहे. जपून." लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा त्या माणसाच्या अंगावर जातोय आणि तो मागे मागे हटतोय. धुणं धुणाऱ्या बायकांना बरेच दिवस तसंच वाटत होतं.

एकदा त्यांतली एक ओरडली, "आवं कंडक्टर, मागं तरी बगा की! नदीत जाल!"

"त्यापायीच तर म्हातारा लावलाय म्होरं!" कंडक्टर म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "बोलू नका. पाऊल आधी पंजावर येऊ द्या, मग टाच."

पण बोलणं व्हायचंच. समोरासमोर तोंड करून रोज इतका वेळ चालल्यावर दोन माणसं किती दिवस दगड आणि ओल यांवर भागवणार? एकदा मी बरोबर असताना कंडक्टर वाळूकडे बघत म्हणाला, "आमच्या पणज्याच्या कमरंला मागनं झाडाची डहाळी बांधायला लावायचे म्हणं, डॉक्टर. पावलाचा ठसा वाटंवर राहू नये म्हणून. मी आपला रोज बघत चाललोय." त्याने हनुवटीने पुढच्या वाळूकडे खूण केली. त्याच्या पावलांची ओळ डॉक्टरांच्या पायांखालून लांबवर गेलेली होती. "राहतोय ठसा."

डॉक्टर चालता चालता बाजूला झाले आणि त्या ठशांना वगळून कडेने चालू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "दगड. डावीकडे."

कंडक्टर रजेवर होता. मिरजेची तारीख आली आणि गेली. डॉक्टर रोज चालण्याआधी त्याला एका कातळावर बसवून म्हणत, "अंगठा वर करा." डाव्या पायाचा अंगठा ते बोटाने दाबून धरत आणि त्याने तो जोर लावून उचलायचा. अंगठ्यातली ताकद गेली तर नस चेपतेय असं समजायचं, आणि मग वाळूचा उपयोग नाही, हे त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी अंगठा उचलेना.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. कंडक्टरच्या कपाळावर घाम आला, पण अंगठा दबलेलाच राहिला. तो म्हणाला, "थंडीनं असंल." डॉक्टरांनी टांगा थांबवला आणि त्याला घेऊन तसेच, वाळूने भरलेल्या पायांनी, मिरजेला गेले. मी त्यांच्या सांगण्यावरून बरोबर होतो. वाटभर कंडक्टर बाहेर बघत होता. एकदाच म्हणाला, "गाड्या धुवायला पाय चांगला नसला तरी चालतो न्हवं?" डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो पोचेपर्यंत तिथेच राहू दिला.

सर्जन तरुण होते आणि सभ्य होते. डॉक्टरांच्या पद्धतीबद्दल त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांनी पाय तपासला, वेळ घेऊन तपासला. "ताकद थोडी कमी आहे, पूर्ण गेलेली नाही. आठवडाभर थांबू. आली नाही तर मात्र मी कापणार, आणि वडील काय करत होते ते विचारणार नाही."

"मीही आता विचारत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या आठवड्यात मोठी खोली बंद होती. वकील झारा फिरवायला आले आणि परत गेले. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ कंडक्टरच्या खोलीवर जात. सर्जनने सांगितलं तेवढी विश्रांती, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं उलटं चालणं, तेही खोलीतल्या खोलीत, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. काकूंनी त्या दिवसांत डॉक्टरांना काही विचारलं नाही. ते घरी आले की त्या चेहरा बघायच्या आणि ताट वाढायच्या. एका दुपारी ताट वाढण्याआधी डॉक्टरच म्हणाले, "उचलला." काकूंनी हातातली पळी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

अंगठा कशाने उचलला, हे मला सांगता येणार नाही. वाळूने, विश्रांतीने, सर्जनच्या गोळ्यांनी, की नुसत्या दिवसांनी. अशा कितीतरी कमरा वेळ दिला आणि हलत्या ठेवल्या की आपल्या आपण सुधारतात, असं ते तरुण सर्जनच पुढे मला म्हणाले. डॉक्टरांना मी ते सांगितलं. मला वाटलं होतं, वाद घालतील. ते म्हणाले, "शक्य आहे," आणि कोटाची गुंडी लावत राहिले. सिद्धान्त असलेला माणूस 'शक्य आहे' म्हणाला, की त्याच्याजवळ सिद्धान्त उरला नाही असं समजायला हरकत नसते.

खोली पुन्हा उघडली तेव्हा त्यांनी एकेकाला नवा प्रश्न विचारला, "तुम्ही काय करता? दाखवा." वकिलांनी उभं राहून अर्धा तास उलटतपासणी करून दाखवली. डॉक्टर त्यांच्या मानेकडे बघत होते. मुख्याध्यापिकांनाही तोच प्रश्न विचारला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपल्याला कुणीतरी काही विचारलं, म्हणून त्या दिवशी तरी त्या रागावल्या नाहीत.

कंडक्टर तपासणीत पास झाला. एसटीच्या डॉक्टरांनी त्याला वाकवलं, वळवलं, उभं ठेवलं आणि लायनीवर जायला परवानगी दिली. पहिली गाडी सकाळची साताऱ्याची होती. डॉक्टरांनी त्या गाडीने स्वतः जायचं ठरवलं. चालत्या गाडीत कंबर कशी राहते ते आपल्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी सुटीला साताऱ्याला घरी निघालोच होतो.

स्टँडवर डॉक्टर धुतलेला कोट घालून आले. काकूंनी नारळ दिला होता आणि झेंडूची माळ दिली होती. डॉक्टरांनी दोन वाक्यं मनात तयार करून आणली असावीत, कारण फलाटावर ते घसा खाकरत उभे होते. कंडक्टर गाडीच्या दाराशी होता. खाकी कपड्यांना तशीच कडक इस्त्री, खांद्याला चामड्याचा पट्टा. उजवीकडचा कल गेला होता. अंगावर ऊन पडलं होतं आणि तो सरळ उभा होता, एवढंच. पण डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांची दोन्ही वाक्यं तशीच राहिली. त्यांनी माळ पुढे केली. कंडक्टरने ती घेतली, डॉक्टरांचा हात क्षणभर धरून ठेवला, माळ ड्रायव्हरसमोरच्या आरशाला अडकवली आणि मागे येऊन ओरडला, "चला, पुढं सरका, पुढं सरका!"

त्या दिवशी बाजार होता. गाडी शिगोशीग भरलेली होती. पेठ नाक्यावर एक जागा रिकामी झाली, तिच्यावर कोंबड्यांची पाटी घेतलेली एक बाई बसली. डॉक्टर कऱ्हाडपर्यंत उभे होते. कंडक्टर साताऱ्यापर्यंत.